मायनरच्या रकान्यात कोणती भाषा?

बारावीच्या कॅडेट्सना येत्या काही महिन्यांत दोन फॉर्म भरायचे आहेत. एक एनडीएचा, तो सगळे मन लावून भरतात. दुसरा विद्यापीठाच्या प्रवेशाचा. तो 'असू द्यावा हाताशी' म्हणून भरला जातो, तोही बहुधा वडील मागे लागले म्हणून. नव्या शैक्षणिक धोरणानंतर या दुसऱ्या फॉर्मवर 'मेजर' आणि 'मायनर' असे दोन रकाने आले आहेत. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा. (आपल्याकडे 'मेजर' म्हटलं की मुलं आधी सावधानमध्ये उभी राहतात, ते सोडा.) मेजरवर घरात चार दिवस चर्चा चालते. मायनरमध्ये मात्र शेजारच्या बाकावरच्या मित्राने जे लिहिलं तेच लिहून मोकळं होतात.

माझं म्हणणं असं की त्या दुसऱ्या रकान्यात एखादी परदेशी भाषा लिहिण्याचा विचार तुम्ही करावा. मोजक्या जणांनी तर ती पहिल्या रकान्यात लिहावी. मात्र घ्यायची तर ती पुरती शिकण्यासाठी घ्यावी. चार वाक्यं पाठ करून प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं असेल, तर त्या जागी दुसरं काहीही घेतलेलं बरं.

"भाषा घेऊन पुढे करणार काय? शिकवण्या?" पालकभेटीच्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी असं विचारलं तर समजू शकतो. भिलाईत विचारलं की नवल वाटतं, कारण हे गाव ज्या कारखान्यामुळे वसलं, तो उभा राहिला तेव्हा त्याच्या पायाशी भाषांचा एक मोठा प्रश्न होता.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. (त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, १६ जानेवारीला, खडकवासल्याच्या एनडीएचं उद्घाटन झालं होतं. दोन्ही एकाच थंडीतली.) तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला गेली. पण नागपूर आणि विदर्भाकडच्या माणसांना हा मुलूख आधीपासून ओळखीचा होता. कारखान्यात भरती सुरू झाल्यावर तिकडची कितीतरी मराठी घरं इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. हे पान वाचणाऱ्या काही कॅडेट्सचे आजोबा-पणजोबा त्यांतलेच असतील.

४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. करारापासून बरोबर चार वर्षं आणि दोन दिवस. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना माळरानावर उभा करायला हा काळ थोडाच होता. आता त्या चार वर्षांतला कामाचा एक साधा दिवस डोळ्यांपुढे आणा. नकाशे रशियनमध्ये. यंत्रांवरच्या पाट्या रशियनमध्ये. सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंते व्हेनियामिन दिमशित्स आणि त्यांचे तज्ज्ञ रशियन बोलणारे. त्यांच्या बरोबरीने उभे असलेले आपले इंजिनिअर इंग्रजीतून शिकलेले. आणि प्रत्यक्ष पाना-हातोडा धरणारे हात छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, ओडिया, बंगाली, मराठी घरांतले. 'ही झडप बंद करा, ती उघडी ठेवा' एवढा हुकूमसुद्धा तीन भाषा ओलांडून वेळेत आणि नेमक्या झडपेपर्यंत पोहोचायला हवा. परीक्षेत भाषांतर चुकलं तर दोन गुण जातात. भट्टीपाशी चुकलं तर माणूस भाजतो.

ते काम दुभाष्यांनी केलं, आणि हळूहळू ज्या इंजिनिअरांनी आणि फोरमननी कानांनी रशियन उचलली त्यांनी केलं. आपले कितीतरी इंजिनिअर प्रशिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत जाऊन आले, तेव्हाही यंत्राच्या आधी भाषा समोर आलीच असणार. सेक्टर ७ मधल्या रशियन कॉम्प्लेक्सचं नाव आजही टिकून आहे. मैत्री बाग १९७२ ची. तिथे पांढरे वाघ बघायला जाणाऱ्या किती मुलांना ही मैत्री कोणाची कोणाशी, हे सांगता येईल? भट्ट्यांची क्षमता टनांमध्ये पाठ असते. पण दोन माणसांच्या मध्ये उभं राहून एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगणारे कोण होते, हे कुणी विचारत नाही. म्हणूनच 'भाषा घेऊन करणार काय' हा प्रश्न इथेही सहज सुचतो.

कॅडेट्सना भट्टीपेक्षा समुद्रातली गोष्ट जवळची वाटेल. १९७१ च्या युद्धाआधी आपल्या नौदलाने सोव्हिएत संघाकडून क्षेपणास्त्र-नौका घेतल्या. त्या चालवणारे अधिकारी आणि नौसैनिक प्रशिक्षणासाठी व्लादिवोस्तोकला गेले आणि कामापुरती रशियन शिकून आले. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या नौकांनी कराचीवर हल्ला केला. तोच दिवस आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. या मोहिमेत नौकांवरची माणसं रेडिओवर आपसांत रशियनमध्ये बोलत होती. चोरून ऐकणाऱ्याला अर्थ लागू नये हा हेतू. यातलं कुणीही रशियन साहित्याचा पदवीधर नव्हतं. कुणी इंजिनाचा माणूस, कुणी विजेचा, कुणी क्षेपणास्त्राचा. भाषा त्यांचा जोडविषय होता. आजच्या शब्दांत सांगायचं तर मायनर.

मेजर आणि मायनर या दोन्ही वाटांनी गेलेली दोन मराठी माणसं मला इथे आठवतात. योगायोगाने दोघांची भाषा एकच, चिनी.

पहिले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे, मुंबईत डॉक्टर झालेले. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. (त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, आपल्या भागाने हे नाव विसरू नये.) कोटणीस यांचा विषय वैद्यक. पण चिनी जखमी सैनिकाला 'कुठे दुखतं' हे त्याच्याच भाषेत विचारता आलं पाहिजे, म्हणून ते चिनी शिकले. बोलायला शिकले, लिहायलाही शिकले. उत्तर चीनमधल्या बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. चार वर्षांच्या त्या कामातून भाषा वजा केली तर काय उरतं? एक चांगला सर्जन उरतो, ज्याच्या शेजारी सतत एक दुभाष्या उभा करावा लागला असता. चिनी माणसांनी त्यांना आपलं मानलं, त्यात त्या भाषेचा वाटा मोठा आहे.

दुसरे वसंत परांजपे. हे १९४७ साली चिनी भाषा शिकायला चीनला गेले, पेकिंग विद्यापीठात राहिले, पुढे आपल्या परराष्ट्र सेवेत आले. १९५४ साली पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा माओंशी झालेल्या बोलण्यात ते भारताच्या बाजूचे दुभाषे होते. नंतर ते दक्षिण कोरियात राजदूतही झाले. यांचा मुख्य विषयच भाषा. विचार करा, १९४७ साली देश नुकता स्वतंत्र होत होता, हजार कामं समोर होती, आणि अशा वेळी काही तरुण चिनी शिकायला निघाले. सात वर्षांनी नेहरू-माओ एका खोलीत बसले, तेव्हा आपल्या बाजूचा माणूस तयार होता. १९५४ मध्ये गरज पडल्यावर शोधायला निघाले असते, तर तो १९६१ ला तयार झाला असता.

मुद्दा हाच आहे. रायफल विकत घेता येते, रस्ता दोन वर्षांत होतो, पण भाषा जाणणारं माणूस ऐनवेळी तयार होत नाही. जून २०२० मध्ये लडाखमध्ये तणाव वाढला आणि चुशुल-मोल्दो इथे दोन्ही सैन्यांच्या कोअर कमांडरांची बोलणी सुरू झाली. अशा बैठकीत प्रत्येक बाजूला आपला दुभाष्या लागतो. त्यानंतर २०२३ साली लष्कराने आपल्या माणसांना चिनी शिकवण्यासाठी आसामच्या तेजपूर विद्यापीठाशी करार केला. अभ्यासक्रम सोळा आठवड्यांचा. चांगलीच गोष्ट आहे. पण सोळा आठवड्यांत किती चिनी येते, याचा हिशेब आपणच करून पाहू.

यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात चार वर्षांच्या पदवीत मायनर विषयाला किमान ३२ क्रेडिट आहेत आणि मेजरला ८०. तीन वर्षांत बाहेर पडलात तर मायनरचे २४, मेजरचे ६०. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण १५ तास. म्हणजे चार वर्षं मायनर केलं तर ४८० तास, मेजर केलं तर १२०० तास. आता दुसरी बाजू बघा. अमेरिका आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या संस्थेचा अंदाज असा की कामकाज करण्याइतकी फ्रेंच किंवा स्पॅनिश यायला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, रशियनला सुमारे ११००, आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबी यांना सुमारे २२००.

हे आकडे शेजारी ठेवले की दोन गोष्टी दिसतात. मायनर घेऊन, फक्त वर्गात बसून, फ्रेंचसुद्धा पुरी होत नाही. आणि चिनीला तर मेजरही निम्म्याच्या थोडं पुढे नेऊन सोडतं. मग मायनर घ्या असं कशाला सांगतो? कारण उरलेले तास मुलांनी स्वतः भरायचे असतात, आणि हे करायची सवय आपल्या मुलांना दुसऱ्यांपेक्षा जास्त आहे. रोज एक तास, सुट्टी न घेता, चार वर्षं: १४६० तास. त्यात वर्गाचे ४८० मिळवा. १९४० झाले. पहाटेच्या पीटीला कुणी 'आज मूड नाही' म्हणत नाही. तोच कायदा या एका तासाला लावायचा. ड्रिलमध्ये 'दाहिने मुड' हजार वेळा केल्यावर पाय आपोआप वळतात. क्रियापदांची रूपंसुद्धा तशीच बसतात, विचार करून नव्हे. साध्या कॉलेजातून आलेल्या मुलाला हे पटवायला वर्ष जातं. आपल्या कॅडेटला ते सांगावंही लागत नाही.

शिवाय ते आकडे इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीचे आहेत. मराठी घरातल्या मुलाच्या खिशात काही गोष्टी जन्मापासून असतात. हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन. रशियन आणि जर्मनमध्येही तीनच. 'नपुंसकलिंग म्हणजे काय' हे त्याला समजवावं लागत नाही. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत म्हणून लोक घाबरतात. आपण शाळेत प्रथमा ते संबोधन आठ पाठ केल्या आहेत. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च यांत फरक आहे हे आपल्या जिभेला ठाऊक आहे; रशियनमध्ये या दोन उच्चारांना दोन वेगळी अक्षरं आहेत. रशियनमध्ये दोन म्हणजे 'द्वा', तीन म्हणजे 'त्री', भाऊ 'ब्रात', दार 'द्वेर'. विस्तवाला 'अगोन्य' म्हणतात, आपल्या अग्नीचा सख्खा चुलतभाऊ. आणि गोळी झाडण्याचा हुकूमही त्याच शब्दाने देतात. जपानीचं वाक्य तर आपल्याच चालीचं, क्रियापद शेवटी: 'तोक्यो-नि इकिमास', टोकियो-ला जातो. 'नि' च्या जागी 'ला' ठेवलं की झालं. (चिनीच्या सुरांसाठी मात्र मराठी काही मदत करत नाही. तिथे कान आणि मेहनत, दोनच.)

आणि भिलाईचं मूल एका भाषेत वाढतच नाही. घरी मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात छत्तीसगढी, शेजारी तेलुगू किंवा मल्याळम, वर्गात इंग्रजी. या गावाला 'मिनी इंडिया' उगाच म्हणत नाहीत. एका भाषेतून दुसरीत पाय टाकताना ज्याला अडखळायला होत नाही, त्याची अर्धी तयारी आधीच झालेली असते.

आपल्या पूर्वजांनी हे काम कमी लेखलं नव्हतं. पारसनीस हे आडनाव ऐकलं असेल. ते मूळचं फारसनवीस, म्हणजे फारसी लिहिणारा. मराठी राज्यकर्त्यांना दिल्लीशी, निजामाशी पत्रव्यवहार करायला फारसी जाणणारा विश्वासाचा माणूस लागे, आणि ते पद इतकं महत्त्वाचं की घराण्याला त्याचंच नाव पडलं. चिटणीस, फडणीस यांच्या रांगेतलं नाव आहे ते.

"सर, आता मोबाइल करतो भाषांतर." हे कॅडेट्सचं ठरलेलं उत्तर. करतो, आणि चांगलं करतो. हॉटेलात जेवण मागवायला मीही तेच वापरेन. पण ज्या ठाण्यावर नेटवर्क नाही तिथे काय? मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो तिथे काय? हाती लागलेला कागद भाषांतरासाठी कुणा परक्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकायचा का? आणि समोरचा अधिकारी 'पाहू' म्हणाला, तर ते 'हो' चं 'पाहू' की 'नाही' चं, हे मराठीतसुद्धा माणसाचा चेहरा आणि सूर बघूनच कळतं. यंत्र दिवसेंदिवस सुधारत जाईल. पण यंत्राने दिलेलं भाषांतर बरोबर आहे की नाही हे सांगायला तरी भाषा जाणणारा लागेल, आणि लष्करासारख्या ठिकाणी तो आपलाच लागेल.

आता पालकांशी थोडं स्पष्ट बोलतो. एनडीएला लाखो मुलं बसतात आणि जागा शेकड्यांत मोजाव्या लागतात. आपली बहुतेक गुणी मुलंही पहिल्या प्रयत्नात आत जात नाहीत. यात लाजण्यासारखं काही नाही. मुलाने पदवी घेऊन पुन्हा यावं ही वाट सीडीएसने उघडी ठेवली आहे, आणि इंडियन मिलिटरी अकॅडमी किंवा ओटीएसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. नौदल अकादमीला इंजिनिअरिंग लागतं, हवाई दलाला बारावीचं गणित-भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंग, ते वेगळं. म्हणजे चिनी किंवा रशियन घेऊन बीए केलेल्या मुलाला लष्कराचं दार बंद नाही. आतही भाषेला जागा आहे: एनडीएमध्ये अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन शिकवतात, पचमढीच्या आर्मी एज्युकेशन कोअरच्या केंद्रात परकीय भाषांचं प्रशिक्षण चालतं, दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची स्वतंत्र परकीय भाषा संस्था १९४८ पासून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपल्या तुकड्या काँगोत गेल्या, जिथे सरकारी भाषा फ्रेंच. १९९८ पासून लेबनॉनमध्ये आहेत, जिथे अरबी. गावातल्या बाईशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलणाऱ्या जवानाची गस्त आणि मुकी गस्त, यांत फरक पडतो.

पण याची दुसरी बाजू न सांगणं बरोबर नाही. भाषा एकटी घेतली आणि तिचा बाजार बसला, तर माणूस अडकतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, रशियनची मागणी एकदम खाली आली, आणि फक्त रशियन साहित्यावर विसंबलेल्या पदवीधरांचे हाल झाले. ज्या इंजिनिअरला रशियन येत होती, त्याचं काही बिघडलं नाही. टी-९० रणगाडा आणि सुखोई-३० ज्या देशातून आले, त्या देशाची भाषा अवगत असलेला तंत्रज्ञ आजही उपयोगाचाच. म्हणून सर्वसाधारण मुलाला माझा सल्ला मायनरचा: मेकॅनिकल आणि जर्मन, कॉम्प्युटर आणि जपानी, संरक्षणशास्त्र आणि चिनी, इतिहास आणि फारसी, अर्थशास्त्र आणि फ्रेंच. चाकणपासून पुण्यापर्यंत जर्मन आणि जपानी कंपन्या भरल्या आहेत. तिथे ड्रॉइंग समजणारा आणि साहेबाचं बोलणंही समजणारा माणूस वेगळा मोजला जातो.

मेजर घ्यावं ते कुणी? ज्याला शब्दांचं वेड आहे त्याने. एकदा ऐकलेला उच्चार ज्याच्या तोंडात तसाच बसतो, जो सिनेमाखालची भाषांतरं वाचताना 'हे असं नाही म्हणाला तो' असं पुटपुटतो. असं मूल वर्गात एखादं असतं, आणि बहुतेकदा त्याला आपण रसायनशास्त्राच्या क्लासला बसवलेलं असतं. जेएनयूत चिनी, रशियन, जपानी, कोरियन, अरबी, फारसी, पश्तो, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांत बीए ऑनर्स होतं, प्रवेश सीयूईटीतून. हैदराबादला इफ्लू आहे. शांतिनिकेतनला चीना भवन १९३७ पासून आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग. दुसऱ्या कॉलेजात शिकताशिकता तिथले सर्टिफिकेट आणि डिप्लोमाचे वर्ग करता येतात, आणि दुर्गहून आझाद हिंद एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते. मूल दूर जाणार याची काळजी पालकांना असते, पण मिलिटरी स्कूलच्या होस्टेलवर राहिलेल्या मुलाबद्दल ती फार करू नये.

कोणती भाषा, हे विचारताना 'सोपी कुठली' असं विचारू नका. चार वर्षांनी कुठे उभं राहायचं आहे ते ठरवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळांसाठी ज्या परदेशी भाषांची नावं दिली आहेत, त्यांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आहेत, चिनी नाही. त्यामागची कारणं असतील. पण ज्याला हिमालयात चौकीवर उभं राहायचं आहे, त्याने चिनी आणि तिबेटी यांचा विचार सगळ्यांत आधी करावा असं माझं मत आहे. समोरच्याची भाषा शिकणं म्हणजे त्याच्यावर प्रेम करणं नव्हे. ज्याच्याशी सामना आहे, त्याचं बोलणं समजलंच पाहिजे.

फॉर्म भरण्याआधी मात्र त्या कॉलेजला फोन लावा आणि चार गोष्टी विचारा. भाषेचा शिक्षक कायमचा आहे की तासिका तत्त्वावर, आणि गेल्या तीन वर्षांत तोच आहे का? मायनर चारही वर्षं त्याच भाषेत चालू राहतं, की दुसऱ्या वर्षी 'विद्यार्थी कमी' म्हणून बंद होतं? परीक्षा फक्त लेखी, की तोंडीही? आणि शेवटच्या वर्षापर्यंत बाहेरची परीक्षा, म्हणजे जपानीची जेएलपीटी, चिनीची एचएसके, जर्मन-फ्रेंचची बी-वन, बी-टू, किती मुलांनी दिली? फोनवरचा माणूस चौथ्या प्रश्नाला अडखळला, तर मायनरमध्ये दुसरा विषय लिहा आणि भाषा रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी संध्याकाळी शिका. फोन वडिलांनी नाही, कॅडेटनेच करायचा.